पावती शे का?

जळगावात सोन्याचा भाव, केळीचा भाव आणि उन्हाचा पारा या विषयांवर कोणीही अधिकारवाणीने बोलतो. हातात मावणाऱ्या गेमयंत्राचा विषय निघाला, की मात्र बॅकअपभाऊंना बोलवावं लागतं. हा एक माणूस नव्हे, प्रकार आहे. गोलाणी मार्केटात एक भेटतो, धुळ्यात पाचकंदिलाला दुसरा. वय चाळिशीचं, केस विरळ, खिशात सोनीचं पीएसपी. ते जपानात डिसेंबर 2004 मध्ये निघालं, हे तुम्ही विचारलं नाही तरी कळतं.

भाऊंचं बालपण '9999 इन 1' लिहिलेल्या कॅसेटवर गेलं. त्यात खरे गेम बोटांवर मोजण्याइतके, बाकी त्यांचीच पुन:पुन्हा हजेरी. आणि कॅसेट कुठून आली हे विचारायची रीत नव्हती. आता मात्र माळ घातलेला माणूस शेजाऱ्याच्या ताटातल्या मासळीवर घसरावा, तसे ते दुसऱ्याच्या फुकट गेमवर घसरतात. बॅकअप काढून द्या म्हटलं, की पहिला प्रश्न: "पावती शे का भो?" पावती नाही, तर भाऊ डिस्कला बोटसुद्धा लावत नाहीत.

कलम त्यांना तोंडपाठ. 1957 चा कॉपीराइट कायदा, 52(1)(एए): प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला, ती हरवली-खराब झाली तर अडू नये म्हणून तात्पुरती बॅकअप प्रत काढता येते. 'तात्पुरती'वर ते टेबलावर बोट आपटतात. कोणी 2012 साली आलेलं 65ए काढलं, कंपनीचं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलचं, की "त्यात हेतू बघतात, हेतू!" म्हणत भाऊ घोटभर पाणी पितात.

कामात मात्र माणूस पक्का. पीएसपीचा गेम 1.8 जीबीपर्यंतच्या इवल्या डिस्कवर येतो. ती गरगर फिरणार, तिच्यावरचं भिंग मागेपुढे सरकणार, तोवर तुम्ही 'लोडिंग' वाचत बसणार. तोच गेम मेमरी स्टिकवर उतरवला की मोटर गप्प, लोडिंग लवकर, बॅटरीही जास्त टिकते. बॅकअप आणि वेग एकाच फटक्यात! प्रोसेसर 333 मेगाहर्ट्झचा, पण सोनीने आधी गेमांना 222 वरच बांधून ठेवला होता. 2007 च्या 3.50 फर्मवेअरने ती वेसण सैल केली. एखादा जुना गेम अडखळला, की भाऊ स्वतः आकडा चढवतात. पण आकडा चढला की बॅटरी लवकर उतरते आणि यंत्र तापतं. यंत्राच्या पुस्तिकेत हवा 35 अंशांपर्यंत असावी असं लिहिलंय. लिहिणारा मे महिन्यात भुसावळला उतरला नसावा. म्हणून भाऊंचं उन्हाळी वेळापत्रक वेगळं: होळी झाली की सगळं 222 वर, दुपारी बारा ते पाच यंत्र कपाटात, आणि बॅटरी फुगली का हे रोज अंगठ्याने चाचपायचं.

मध्यंतरी त्यांनी एक डिस्क धुळ्याच्या एका मुलाला विकली. कुरिअर नको, समक्षच देऊ, म्हणून एरंडोल-पारोळा करत एसटीने गेले. आग्रा रोडवरच्या हॉटेलात शेवभाजीच्या वाट्या सरकवून त्यांनी पीएसपी मांडलं. डिस्क गेली की प्रत ठेवण्याचा हक्कही गेला, हे वेटरलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि साक्षीदारांसमोर बॅकअप पुसला. वहीत मुलाची सही घेतली.

मुलाने शांतपणे भाकरी मोडली. "काका, तुमचा सेव्ह पण द्या ना. शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलेला असेल."

जळगावात भाऊ असलेला माणूस धुळ्यात काका झाला, तेही त्यांनी गिळलं असतं. पण सेव्ह? तो ना डिस्कवर, ना पावतीवर. प्रोग्राम सोनीच्या दुकानाचा, पण राक्षस मारले भाऊंनी, रात्री जागून. ही प्रत म्हणायची, की मेहनत? बरोबर द्यायची, की वेगळे पैसे लावायचे? भाऊंनी चष्मा चढवला, दोन चहा सांगितले आणि कलम मोबाईलवर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मुलगा तोवर जळगावच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारून आला.