तात्पुरते

ॲमस्टलवीनच्या भारतीय किराणा दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात धरून एखादा गृहस्थ ओठ हलवत उभा दिसला, तर तो देवाचं नाव घेतोय असं समजू नये. तो युरोला शंभरने गुणतोय. आजचा भाव शंभरच्या किती मागेपुढे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. शंभरने गुणायला सोपं जातं आणि दुःखही पुरेसं मोठं होतं. जुडी परत ठेवली जाते. दोन मिनिटांनी पुन्हा उचलली जाते, कारण घरी पोहे भिजवून झालेले असतात.

हे श्री. तात्पुरते. आडनाव खरं नव्हे, आम्ही पाडलेलं. ॲमस्टरडॅमला दक्षिणेकडून चिकटलेल्या आमच्या या गावात तात्पुरत्यांची मोठी वस्ती आहे. बहुतेक जण हिंजवडीतून किंवा खराडीतून आलेले, बहुतेकांबरोबर बायको आणि बालवाडीच्या वयाचं एक मूल, आणि झाडून सगळे फक्त दोन वर्षांसाठी. त्यातला एक नमुना आमच्याच मजल्यावर राहतो. लिहितोय त्याच्याबद्दल, पण बाकीच्यांनी अंगाला लावून घ्यायला माझी हरकत नाही.

‘दोन वर्षं’ हे शब्द तात्पुरते नमस्काराच्या जागी वापरतात. लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या डच आजी म्हणाल्या, आज ऊन छान पडलंय. तात्पुरते म्हणाले, “येस, बट वी आर हिअर ओन्ली फॉर टू इयर्स.” उन्हाचा आणि मुदतीचा संबंध काय, याचा आजी बहुधा अजून विचार करत असाव्यात. गावातलं घर निवडतानाही तात्पुरत्यांनी विमानतळ जवळचा पाहिला. बोलावणं आलं की निघता यावं, ओझं होऊ नये.

ओझ्याचा विचार त्यांनी पुण्यातून निघतानाच फार केला होता. माणशी तेवीस किलोच्या बॅगा, हुकाला लटकवायचा वजनकाटा, आणि त्या काट्याशी सासूबाईंची चाललेली हुज्जत. मेतकूट, गोडा मसाला, पोळपाट-लाटणं, तवा, पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर, कुकरच्या जादा रिंगा. पेढ्यांचा पुडा मात्र शेवटच्या क्षणी बाहेर निघाला, कारण युरोपाबाहेरून येणाऱ्याला सामानातून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. बाकरवडी बसते, पेढा बसत नाही. इतकं बारीक वाचणाऱ्या माणसाने शेगडीची चौकशी तेवढी केली नव्हती. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ नंतर परवानगी मागितलेल्या नव्या इमारतींना सहसा गॅसची जोडणीच मिळत नाही. स्वयंपाक इंडक्शनवर. आणि इंडक्शनची शेगडी ॲल्युमिनियमच्या कुकरला भांडं मानायलाच तयार नसते. तीनदा पुसून ठेवला, तरी तिने ओळख दाखवली नाही. तो कुकर अजून आहे. “पुण्यात लागेलच,” असं म्हणून त्यात सध्या कांदे ठेवतात.

पण शेगडीचं काहीच नाही. खरी गंमत जमिनीची. इथे बिनसामानाचं घर भाड्याने घेतलं, तर बिनसामानाचं म्हणजे खरोखरच. पडदे नाहीत, दिवे नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबतात, आणि खाली जमीन नाही. म्हणजे कोबा असतो, पण त्यावर लाकूड, लॅमिनेट काय हवं ते भाडेकरूने आपल्या पैशाने घालायचं, आणि सोडताना पुढच्या भाडेकरूने विकत घेतलं नाही तर उपटून घेऊन जायचं. घराची चावी घेताना हे कळल्यावर तात्पुरत्यांनी एजंटकडे असं पाहिलं, की तो बिचारा एक पाऊल मागे सरला.

“दोन वर्षांसाठी जमीन कोण घालतं?” हा त्यांचा सवाल. त्याला उत्तर नव्हतं. मग कोब्यावर सतरंजी आली, सतरंजीच्या कडेने खोकी उलगडून पसरली, मुलीच्या खेळायच्या कोपऱ्यात फोमचे रंगीत तुकडे आले. घरात पायात मोजे, मोज्यांवर स्लिपर. पाहुणा आला की त्याला आधी स्लिपर आणि मग कारण मिळतं. आम्ही ते कारण इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली स्लिपर घरूनच नेतो.

इकडे असं सगळं कामचलाऊ, तर तिकडे बाणेरला संसार जसाच्या तसा. फ्लॅट भाड्याने दिलेला नाही, कारण ‘आपण येणारच.’ दर रविवारी वडील कोथरूडहून जातात, नळ सोडून पाहतात, फ्रिजमध्ये ठेवलेला लिंबू बदलतात, आणि मग पार्किंगमध्ये ॲक्टिव्हावरची चादर काढून ती सुरू करतात. व्हिडिओ कॉलवर इंजिनाचा आवाज ऐकवला जातो. “बाबा, जरा रेस करा… हां, बस.” मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते त्याच्या पगारवाढीलाही पसरलं नव्हतं. उन्हाळ्यात दोन्ही देशांमध्ये साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचार. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं, हे वडिलांना सांगायचं राहिलं. ते ॲक्टिव्हावर तासभर बसून होते. वॉचमनने दोनदा चहा विचारला.

सौ. तात्पुरते वेगळ्या मातीच्या. तात्पुरत्यांसारख्या नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला इथे वेगळा परवाना न काढता काम करता येतं. तसं तिच्या निवास-कार्डावर लिहिलेलंच होतं. नवऱ्याने ते कार्ड नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. तिने ते वाचलं. “अरे, दोन वर्षं काय खिडकीतून कालवा बघत बसू?” असं म्हणून ती वाचनालयातल्या भाषेच्या वर्गाला गेली, तिथून एका कंपनीच्या हिशेब विभागात, आणि तिथल्या पहिल्या पगारातून तिने पुढे लाकडी खोका असलेली सायकल घेतली, सेकंडहँड. इथल्या आया त्या खोक्यात मुलं, किराणा आणि प्रसंगी कुत्रा घालून उलट्या वाऱ्यातून शांतपणे जातात. तात्पुरत्यांनी किंमत शंभरने गुणली आणि म्हणाले, “अगं, यात ॲक्टिव्हा आली असती.” ती म्हणाली, “आहे की एक. बाबा बसतात तिच्यावर.”

मुलीच्या शाळेचा खल महिनाभर चालला. परत जायचं तर डच शिकवून उपयोग काय? मग इंटरनॅशनल शाळा. मग तिची फी. मग शंभरने गुणाकार. इथल्या साध्या सरकारी अनुदानाच्या शाळेत चौथा वाढदिवस झाला की मूल जाऊ शकतं, पाचव्यानंतर जावंच लागतं, आणि फी जवळजवळ नाही. तेव्हा ‘तात्पुरती’ तिथे घातली. वर्षभरात ती बापाचा ‘ख’ सुधारायला लागली, कारण डच माणूस जो घशातून काढतो तो आवाज तात्पुरत्यांना फक्त सर्दी झाली की जमतो. डब्यात पोळीचा रोल दिला तर संध्याकाळी जसाच्या तसा घरी. तिला पावावर लोणी आणि लोण्यावर चॉकलेटचा चुरा हवा, बाकीच्या मुलांसारखा. आजी फोनवर विचारते, “डब्यात काय नेलंस गं बाळा?” बाळ डचमध्ये उत्तर देतं. आजी म्हणते, “शहाणी माझी.”

आता कर. तात्पुरते इथल्या राजकारणाबद्दल एरवी उदासीन, पण परदेशातून आणलेल्या नोकरदारांच्या पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त ठेवणारी जी सवलत आहे, तिच्याबद्दल हेगच्या संसदेत कोण काय बोललं ते त्यांना त्याच रात्री कळतं. २०१९ मध्ये तिची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आली. आता २०२७ पासून तीसचे सत्तावीस होणार. पुण्यातला आपला नगरसेवक कोण हे त्यांना विचारू नका. ही सवलत असलेल्याला आणखी एक लाभ मिळतो: परदेशी ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षा न देता बदलून डच लायसन्स घेता येतं. पण जुनं जमा करावं लागतं. एमएच-बाराचं ते लायसन्स नगरपालिकेच्या खिडकीत सरकवताना तात्पुरत्यांचा हात थांबला. आतल्या बाईंनी हलकेच ओढलं. यांनी सोडलं नाही. शेवटी मागच्या माणसाने खोकून दाखवलं.

मला तात्पुरते मूर्ख वाटत नाहीत. त्यांचं प्रोजेक्ट खरंच दोन वर्षांचं होतं. दर मार्चमध्ये कंपनीचं पत्र येतं आणि ते पुढे ढकललं जातं. पण मुदत वाढली की तात्पुरते आधी झालेली वर्षं जमेत धरत नाहीत. त्यांची दोन वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतात. आईला ‘येतोय’ म्हणता येतं, बायकोला ‘बघू’ म्हणता येतं, आणि स्वतःला काही सांगावंच लागत नाही. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या वाक्यात मिळेल सांगा.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस. त्या दिवशी देशभर पोरं फुटपाथवर चादरी अंथरून जुनी खेळणी विकतात. परवाना नको, कर नको. राजाच्या देशाला सुट्टी असली तरी पुण्याच्या टीमला नव्हती, म्हणून तात्पुरते वर कॉलवर होते. खाली मायलेकींनी चादर टाकली. आखूड झालेले बूट, अर्धं पझल, आणि पलंगाखाली कधीपासून तयार ठेवलेली मोठी निळी बॅग. हँडलला मुंबईचा टॅग अजून तसाच. मुलीने ती पाच युरोला विकली. घेतली तळमजल्यावरच्या आजींनी, स्पेनला लेकीकडे जायचं होतं म्हणून.

तात्पुरते खिडकीतून पाहतात तो बॅग रस्ता ओलांडतेय. हेडफोन गळ्यात तसाच ठेवून ते धावले. “मॅडम, दॅट बॅग… वी आर गोइंग बॅक!”

“हो का?” आजी थांबल्या. “कधी?”

“दोन वर्षांत.”

“पण हे तर तुम्ही चार वर्षांपूर्वी म्हणाला होतात,” आजी म्हणाल्या. कुत्सितपणे नव्हे, नोंद म्हणून. मग त्यांनी बॅग सात युरोला परत दिली. पुणेकर काटकसरीची जगात जोड नाही असा आमचा समज होता, तो त्या दोन युरोंनी मोडला. मुलीने आजींचा व्यवहार मान डोलावून पसंत केला. सौ. तात्पुरते चादरीवरचे बूट पुन्हा नीट लावत बसल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या खांद्यांवरून त्या हसतायत हे मागून कळत होतं.

पाच वर्षं भरत आली, करसवलत संपायला आली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता खरंच जातील. तात्पुरत्यांनी हिशेब मांडला: पाच वर्षं झालीच आहेत, तर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. तो घ्यायचा आणि मग जायचं. “हाताशी असलेला बरा,” ते म्हणाले. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन निघून जाणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. परवान्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते. बायको ती कधीच पास झालेली. तेव्हा रोज रात्री जेवणानंतर सतरंजीवर शिकवणी बसते. मास्तरीण डच शाळेत शिकते आणि फार कडक आहे.

त्याच महिन्यात बायकोने जमीन मागवली. विचारलं नाही. “माझ्या पगारातून,” एवढंच म्हणाली. ओकच्या रंगाचं लॅमिनेट, खाली आवाज शोषणारा थर. शनिवारी सकाळी कारागीर आला, त्याने खोकी उघडली आणि हमीचा कागद तात्पुरत्यांच्या हातात दिला. पंचवीस वर्षं. तात्पुरत्यांनी तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि बऱ्याच तयारीने घशातून ‘ख’ काढत डचमध्ये विचारलं, याच्यात दोन वर्षांच्या हमीचं, जरा स्वस्तातलं काही येतं का?

कारागिराला प्रश्नच कळला नाही. त्याने मुलीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

संध्याकाळपर्यंत हॉल झाला. मी माझे स्लिपर घेऊन पाहायला गेलो, तर ते बाहेरच ठेवायला सांगितले गेले. तात्पुरते फोनवर होते. वडील बाणेरच्या फ्लॅटमध्ये गुडघ्यांवर बसून फीत धरत होते, आणि हे इकडून सांगत होते, “नाही बाबा, बाल्कनीच्या दारापासून मोजा. दोन वर्षांनी उपटून आणलं की तिथे पुरेल का, ते बघू.”