सामायिक रंधा

मराठी मध्यमवर्गीय घरात सुतारकाम हे खुर्चीत बसून करायचं काम आहे. सुतार खाली बसतो, घरमालक वर बसतो. सुताराच्या हातात करवत, मालकाच्या हातात चहाचा कप आणि तोंडात सूचना. "मिस्त्री, ते जरा तिरकं वाटतंय हो." मिस्त्री मान वळवूनही बघत नाही, कारण तिरकं काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. भिंत तिरकी असते. मग यादी निघते. अर्धा किलो चुका, एक फेविकॉल, पॉलिश पेपर ऐंशी नंबर आणि एकशेवीस नंबर, बिजागऱ्या चार. ती घेऊन हार्डवेअरच्या दुकानात पळायचं असतं मालकाने. गणपतीच्या आत संपणारं काम दिवाळीपर्यंत रेंगाळतं, हॉलभर पसरलेली वर्तमानपत्रं वाचून पाठ होतात आणि एवढं होऊनही चारचौघांत आपण छाती काढून सांगतो, "हे कपाट आम्ही बनवून घेतलं." त्यातलं 'घेतलं' हळू म्हणायचं असतं.

माझी नोकरी बँकेतली. उभा जन्म आकडे इकडचे तिकडे करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, हास्यक्लबात जातात, अमेरिकेत नातवंडं सांभाळायला जातात. मी एका सामायिक सुतारशाळेत नाव घातलं. पहिल्या दिवशी दारातल्या मुलाने अदबीने विचारलं, "मॅडम, ऑर्डर द्यायची आहे का?" म्हटलं, शिकायचंय. त्याने माझ्या पाठीमागे वाकून पाहिलं. बहुधा नातू शोधत होता.

सुतारशाळा सामायिक का, याचं गणित अगदी घरगुती आहे. टेबल सॉ घ्यायला पैसे लागतात हे खरंच, पण त्याहून जास्त लागते ती जागा. आठ फुटी फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट, म्हणजे सलग सोळा फूट मोकळं हवं. टू बीएचकेत सलग सोळा फूट मोकळं फक्त जिन्यात मिळतं. त्यात दुपारी दोन ते चार ड्रिल बंद हा सोसायटीचा ठराव, आणि भुसा उडाला की शेजारच्या वहिनींच्या गच्चीवरच्या पापडांना त्याची चव. तेव्हा यंत्रं एका छपराखाली, वर्गणी महिन्याची किंवा तासाची, आणि ज्याची पाळी त्याने चिरावं, हा उपाय शहाणपणाचा.

जगात हे आधीपासून चालू आहे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' नावाचा प्रकार सुरू झाला. निवृत्त पुरुषांनी एकत्र येऊन लाकूडकाम करायची शेड. आज तिथे अशा हजाराहून जास्त शेडी आहेत. त्यामागचा विचार असा की पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना करतात. तिकडच्या पुरुषांचं खरं असेल. आमच्या सुतारशाळेत माणसांना बोलतं करायची अडचण कधी आली नाही, गप्प करायची मात्र रोज येते. यंत्र सुरू झालं की कानावर मफ चढतात आणि तेवढाच काय तो विसावा. आपल्या पुण्याजवळ पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथे तर शाळा अर्धवट सोडलेली मुलं हाताने काम करत शिकत आली आहेत. शहरातल्या आम्हा लोकांना ती गरज साठीत जाणवली, इतकंच.

प्रवेशाच्या फॉर्मवर नाव, पत्ता आणि लगेच रक्तगट. या क्रमाकडे बघूनच एक गृहस्थ परत गेले म्हणे. नंतर नियम. सैल बाही नको, ओढणी नको, केस बांधलेले हवेत, गळ्यात लोंबणारं काही नको. मंगळसूत्र काढावं की ब्लाउजच्या आत टाकावं यावर बायकांमध्ये दोन तट पडले. ते अजून आहेत. मला नवल वाटलं ते हातमोज्यांचं. संरक्षण म्हणून मी चांगले जाड मोजे विकत घेऊन गेले होते, तर आम्हाला शिकवणाऱ्या मिस्त्रींनी ते पहिल्यांदा खुंटीला टांगले. फिरत्या पात्याजवळ मोजा घालायचा नसतो. पातं मिनिटाला तीनचार हजार फेरे घेतं. नुसती कातडी लागली तर कापते. मोज्याचा धागा अडकला तर तो आख्खा हात आत ओढून नेतो. फळी पुढे ढकलायलासुद्धा हात न वापरता लाकडी ढकलकाठी वापरायची. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलाने असं यंत्र काढलं की बोट पात्याला टेकताच त्यातला विद्युतप्रवाहाचा फरक ओळखून ते डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबतं. प्रात्यक्षिकाला तो सॉसेज वापरायचा, आणि एकदा स्वतःचं बोटही लावून दाखवलं. आमच्याकडे ते यंत्र नाही. आमच्याकडे मिस्त्री आहेत. ते लांबूनच एवढ्या मोठ्याने "ओ ताई!" म्हणतात की बोटं आपोआप मागे येतात.

नव्या माणसाला इथे पहिल्यांदा पोळपाट करायला लावतात. त्याला दोन कारणं. एक, पोळपाटाला पाय तीन असतात आणि तीन पायांची वस्तू जमिनीवर डुगडुगत नाही. चौथा पाय आला की भांडण सुरू होतं. दुसरं, पोळपाट कसाही झाला तरी घरचे नको म्हणत नाहीत.

पोळपाटाला लागणारी दहाअकरा इंच रुंदीची एकसंध सागाची फळी आता परवडण्यातली राहिलेली नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जाऊन घनफुटाचा भाव विचारला की आधी 'सीपी' पाहिजे का 'बाहेरचा', असा उलट प्रश्न येतो. सीपी म्हणजे आपला बल्लारशा, चंद्रपूरकडचा साग. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस नकाशावरून केव्हाच गेला, लाकडाच्या वखारीत अजून आहे. बाहेरचा म्हणजे आफ्रिकेतून नाहीतर दक्षिण अमेरिकेतून आलेला. भाव ऐकून मी वही मिटली आणि सुतारशाळेतल्या तुकड्यांच्या पेटीकडे वळले. तिथे दोन तुकडे सापडले. त्यांच्या कडा एकमेकींना चिकटवायच्या.

आता चिकटवायचं म्हणजे फेविकॉल लावून दाबायचं, असं मला वाटत होतं. मिस्त्री म्हणाले, आधी उजेड बंद करा. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवायच्या, खिडकीकडे धरायच्या आणि फटीतून उजेड येतोय का बघायचं. येतोच. मग रंधा. रंध्याची गंमत अशी की त्याला दिशा कळते. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवला तर जे होतं तेच लाकडाच्या रेषांविरुद्ध रंधा मारला तर होतं. पृष्ठभाग पिंजतो, खपल्या उचकटतात, आवाजही खर्र खर्र येतो. फळी फिरवून घेतली की तोच रंधा सुळकन जातो, आणि तोंडातून पातळ, अखंड वळी निघते. सागाची असेल तर तिला जुन्या चामड्यासारखा तेलकट वास येतो. वळीतून पलीकडची बोटं दिसली पाहिजेत, हे मिस्त्रींचं माप. पण सागात बारीक सिलिका असते, म्हणजे वाळूचंच भावंड, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं आणि तास रंध्यात कमी, सहाणेवर जास्त जातो. आमच्यात एक दंतवैद्य बाई आहेत. त्यांच्या पटाश्यांना सगळ्यांत चांगली धार असते आणि त्या कुणालाही देत नाहीत. आपल्याकडचे पेशंट का घाबरतात ते त्यांना इथे कळलं, असं त्या स्वतःच सांगतात.

उजेड बंद झाला की शिकंजे. इथे सामायिकपणाची खरी परीक्षा. जगातल्या कुठल्याही सुतारशाळेत शिकंजे पुरत नाहीत, कारण चिकटवलेलं काम ते रात्रभर अडवून ठेवतात. भिंतीवर वीस टांगलेले असोत की चाळीस, तुम्हाला हवे असतील तेव्हा दोन उरतात आणि त्यातला एक घसरणारा असतो. सोसायटीत पार्किंगच्या अर्ध्या फुटावरून एकमेकांना नोटिसा पाठवणारी माणसं मी इथे "तुमचं वाळलं का हो?" असं मायेने विचारताना पाहिली आहेत. भांडणं होत नाहीत असं नाही. भिंतीवर मिस्त्रींच्या हातची पाटी आहे: "पटाशीने डबे उघडू नयेत." तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, "मग कशाने?" त्याखाली तिसऱ्याने, "दाताने." दंतवैद्य बाईंचा संशय सगळ्यांना आहे.

मापांचं एक वेगळंच. प्लायवुड आठ बाय चार फूट, पण जाडी अठरा मिलिमीटर. लाकूड घनफुटात, स्क्रू इंचात, ड्रिलचा बिट मिलिमीटरमध्ये, आणि चूक नेहमी सुतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. आयटीतला एक मुलगा लॅपटॉपवर तीन मितींमध्ये चित्र काढून आणतो, दशांशानंतर दोन आकडे. मिस्त्री ते पाहतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "एक सूत जास्त ठेवा, घासण्यात जातं." मुलाने ते चित्रात टाकलं. तेव्हापासून त्याचं काम बसायला लागलं.

चहाच्या वेळी मिस्त्री फारसं बोलत नाहीत. साताऱ्याकडचे, घराणं सुतारांचं. आजोबांच्या वेळी बलुतं होतं: शेतकऱ्यांचे नांगर, कुळव, पाभर वर्षभर दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. वडील बैलगाड्या करत. गाड्यांची चाकं रबरी झाली आणि वडील पुण्याला फर्निचरच्या कामाला आले. मिस्त्रींचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने करवत हातात धरू नये म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. आणि समोर आम्ही, बँकेतले, कॉलेजातले, कॉम्प्युटरवाले. पैसे भरून करवत धरायला आलेलो आणि जाताना झाडू मारून भुसा गोळा करणारे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावं म्हणून मांडणी केली. आमच्या वडिलांची पिढी त्यावर मान डोलवून गेली आणि मुलांना सायन्सला घालून आली. मिस्त्रींना मी एकदा विचारलं, आमचं हे बघून तुम्हाला हसू येत नाही का? ते म्हणाले, "येतं की. पण तुम्ही आता मजुरीवर घासाघीस करणार नाही." एवढ्या नेमक्या ठिकाणी खिळा मारायला मला अजून जमलेलं नाही.

खंडेनवमीला सुतारशाळा धुऊन काढतात. रंधे, करवती, पटाश्या, गिरमिटं ओळीने मांडतात, टेबल सॉच्या अंगाला हळदकुंकू लागतं, बँड सॉच्या गळ्यात झेंडूचा हार पडतो. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही हा नियम सगळे पाळतात, कारण हार काढायचा कंटाळा असतो. दंतवैद्य बाई आपल्या दवाखान्यातला चिमटाही पूजेत ठेवतात. पाहुणे म्हणून घरचे लोक येतात. त्यांना सगळं दाखवताना प्रत्येक जण असं चालतो की शाळा जणू त्याचीच आहे आणि बाकीचे त्याच्याकडे कामाला आहेत.

पोळपाटाबद्दल सांगायचं राहिलं. लाकूड पावसाळ्यात फुगतं ते रेषांना आडवं. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून उन्हाळ्यात कंपासने काढलेलं वर्तुळ आषाढात किंचित अंडाकृती होतं. डोळ्याला दिसत नाही, फूटपट्टीला दिसतं. सासूबाईंना फूटपट्टीशिवाय दिसलं. पोळपाट घरात वापरात आहे. पोळ्या लाटताना त्या काही बोलत नाहीत, पण पाहुण्यांना दाखवताना "सुनेने बनवला" म्हणतात, आणि त्यात 'घेतला' नाही हे त्यांच्याही लक्षात आलं आहे.

तुमच्या गावात अशी शाळा असेल तर एकदा जाऊन बघा. नसेल तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना विचारा, शनिवारी संध्याकाळी तासभर शिकवाल का. मजुरी ते सांगतील ती द्या. सुरुवातीला पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन लाकूड घ्या, स्वस्त पडतं. फक्त त्यावर 'एचटी' असा शिक्का पाहून घ्या, म्हणजे ते औषधाने नाही, उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं. नातेवाइकांना आधीच काही करून द्यायचं कबूल करू नका. आणि पेन्सिल घरून न्या. तिथल्या सगळ्या पेन्सिली कुणाच्या ना कुणाच्या कानावर असतात.