तोफ रविवारी उडत नाही

परदेशात शिकायला गेलेल्या मुलानं ते गाव पाहिलेलं असतं, असा सोलापुरात एक समज आहे. मी एडिनबऱ्याला एमएस्सी करत होतो. स्कॉटलंडची राजधानी, १५८३ सालचं विद्यापीठ, विझलेल्या ज्वालामुखीच्या कातळावर उभा किल्ला. यातलं मला नीट ठाऊक होतं ते एवढंच, की वाचनालयापासून खोलीपर्यंतच्या वाटेवर कुठल्या दुकानात संध्याकाळी ब्रेडवर पिवळी चिठ्ठी लागते आणि तो कमी पैशांत मिळतो. किल्ल्याचं तिकीट मी इंटरनेटवर पाहिलं, पौंडांना शंभरानं गुणलं आणि किल्ला बसच्या खिडकीतूनही उत्तम दिसतो अशा निष्कर्षाला आलो. घरी मात्र ‘सगळं बघून झालं’ असं सांगून ठेवलं होतं.

बाबांनी ते खरं मानलं आणि लंडनपर्यंत सहलीला आलेल्या आपल्या मित्राला सांगितलं, “पोरगं आहे की तिथं. सगळं दाखवील.”

काकांचे अशोक चौकाकडे टॉवेलचे माग आहेत. काकू म्हणजे साडी, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट आणि पायात पांढरे बूट. स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्यांनी माझ्या हातात शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पिशवी दिली, तेव्हाच मला आपल्या खोटेपणाची लाज वाटायला हवी होती. पण मला भूक लागली होती.

माहिती सांगायची माझी पद्धत सोपी होती. चार पावलं पुढं जायचं, बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली बसायचं, मोबाइलवर वाचायचं आणि उठून सांगायचं. दुपारपर्यंत काकू काकांना म्हणाल्या, “अहो, ह्याला आधी बूट घेऊन द्या. दर चौकात नाडी सुटलालीय.”

पहिला मान तोफेचा. फुकट होती म्हणून. किल्ल्यावरून रोज दुपारी एकला तोफ उडते, १८६१ पासून. समुद्रातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. आधी कॅल्टन टेकडीवरच्या मनोऱ्यावरून एक मोठा गोळा खाली पाडायचे. पण धुक्यात तो दिसेना, म्हणून आवाज. बाराला का नाही, तर बारा बार उडवण्यापेक्षा एकात भागतं, असा स्कॉटिश माणसाच्या काटकसरीवरचा विनोद आहे. मी तो सांगितला. काका हसले नाहीत. त्यांना तो हिशेब रास्तच वाटला. “आमच्या लहानपणी जुन्या गिरणीचा भोंगा झाला की आख्खी चाळ घड्याळ लावायची,” ते म्हणाले. “तसंच हे की.”

किल्ल्याखालच्या बागेत आम्ही बाक धरला. आसपास तोफेची वाट बघणारं कुणीच नव्हतं. मला वाटलं, वा, जागा चांगली मिळाली. एकला पाच कमी असताना मी काकूंना कान झाकायला सांगितलं. काकांनी मोबाइल उभा धरून चित्रण सुरू केलं. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटं झाली. काकूंचे हात कानावरच. “जरा लेट असेल,” मी म्हणालो. शेवटी कुत्रं फिरवणाऱ्या एका आजीबाईंनी आमच्याकडे पाहून विचारलं, कुणाची वाट बघताय? मी सांगितलं. त्या फार मायेनं म्हणाल्या, आज रविवार ना बाळा.

रविवारी तोफ उडत नाही. ही ओळ मोबाइलवर होती, पण तोवर मी नाडी बांधून उठलो होतो. काकांचं चित्रण घरच्या ग्रुपवर अजून आहे: स्थिर किल्ला, दोन कबुतरं आणि मागून माझा आवाज, “आता होईल. आता होईलच.”

भरपाई म्हणून काकांनीच किल्ल्याची तिकिटं काढली. आत मॉन्स मेग नावाची अजस्र तोफ आहे. १४४९ ची, सहा टनांच्या वर, १६८० मध्ये सलामी देताना फुटलेली. पण सोलापूरच्या माणसाला तोफ दाखवणं अवघड असतं, कारण त्याची शाळेची सहल विजापूरला गेलेली असते. ‘मलिक-ए-मैदान’ पंचावन्न टनांची. काका मेगभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “ही आपल्या मलिकची नात काय बे?” मी अभ्यासू चेहऱ्यानं सांगितलं की मलिक १५४९ ची, ही शंभर वर्षांनी थोरली. “मग आजी म्हण. म्हणून वाळलीय.”

पुढं सेंट जाइल्स चर्चजवळ फरशीत दगडांचा एक बदाम बसवलाय. तिथं पूर्वी तुरुंग होता. लोक येता-जाता त्या बदामावर थुंकतात; त्यानं नशीब उघडतं म्हणे. जन्मभर ‘येथे थुंकू नये’ वाचत आलेल्या काकांना हे दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी खिसे चाचपले. प्रवासात मावा संपला होता. एवढं हळहळताना मी त्यांना नंतर गाडी चुकली तेव्हाही पाहिलं नाही.

काका खरे रमले ते टार्टनच्या दुकानात. मी कुळांचा इतिहास सांगायला खाली वाकलो, तोवर त्यांनी एक मफलर उलटा करून, चिमटीत धरून, उजेडाकडे नेऊन तपासला होता. “ताण्याला जे रंग, जेवढे धागे, तेच बाण्याला. बघ. म्हणून चौकटी पडतात,” त्यांनी मला सांगितलं. दुकानातली मुलगी जवळ आली, तिलाही सांगितलं, मराठीत. तिला ते समजलं असावं, कारण तिनं मान डोलावली आणि आणखी चार मफलर आणून ठेवले. टार्टनची इथं सरकारी नोंदवही आहे आणि नवा नमुना कुणालाही नोंदवता येतो, हे कळल्यावर काकांनी पावतीच्या मागं लगेच घराण्याच्या चौकटी आखायला घेतल्या. मफलर घेतला नाही. “किंमत ऐकलास काय? एवढ्यात माझा एक गडी आठवडाभर माग चालवतो.”

सोमवारी दुपारी एकची गाडी होती. सकाळी कॅल्टन टेकडी केली. तिथं ग्रीक देवळासारखे बारा खांब उभे आहेत. नेपोलियनच्या लढायांत पडलेल्यांचं स्मारक. १८२६ ला काम काढलं, १८२९ ला पैसे संपले, तेव्हापासून तसंच. आख्ख्या एडिनबऱ्यात काकूंना फक्त हे ओळखीचं वाटलं. त्यांनी खांबापाशी फोटो काढून घेतला आणि विचारलं, “ठेकेदार कोण होता रे?” वाऱ्यात मोबाइल धरता येईना, म्हणून मी “इंग्रज” असं सांगून टाकलं.

उतरून स्टेशनकडं येताना काकू घाई करू लागल्या. स्टेशनवरच्या मोठ्या हॉटेलच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. काकू म्हणाल्या, “अरे, एकला पाच कमी!” आणि माझ्याकडं त्या दोन दिवसांत प्रथमच, नाडी न बांधता, एक माहिती तयार होती. ते घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढं ठेवतात, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. “खरं तर आठ मिनिटं आहेत,” मी म्हणालो. “चहा होईल.”

चहा झाला. गाडीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, हे मला माहीत नव्हतं. आम्ही काचेवर थापा मारल्या, आतल्या एका बाईनं आम्हाला हात हलवून निरोप दिला आणि गाडी हलली. तेवढ्यात वरून धडाम असा आवाज झाला. फलाटावरची कबुतरं उडाली. काकूंनी कान झाकले, जरा उशिराच.

“वाजली बे!” काका ओरडले आणि त्यांनी हातातलं घड्याळ लावून घेतलं.

त्यांची तिकिटं त्याच गाडीपुरती होती. नव्या तिकिटांचे पैसे मी मनात पिवळ्या चिठ्ठीच्या ब्रेडमध्ये मोजत होतो, तोवर काकांनी ते भरलेही. मग बाकावर बसून त्यांनी बाबांना फोन लावला. “गाडी चुकली, पण तोफ ऐकवली पोरानं. पुढच्या महिन्यात आमचे साडू येऊलालेत तिकडं, त्यांनाही ह्याच्याकडंच पाठवतो. फक्त त्यांना सांगून ठेव, गाव ह्याच्याबरोबर बघा, स्टेशनला टॅक्सीनं जावा.”