चाकांवरचं बिऱ्हाड

बजेट दीड लाखाचं आणि स्वप्न युरोपातल्या कॅम्परव्हॅनचं. अशा माणसाच्या वाट्याला शेवटी मारुती ओम्नीच येते. हिंदी सिनेमात अपहरणासाठी राब राब राबलेल्या या गाडीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, म्हणजे हाती येणारी प्रत्येक ओम्नी वापरलेलीच. एजंटच्या तोंडी मात्र ती कायम 'सिंगल हँड, डॉक्टरची गाडी'. महाराष्ट्रात एवढे डॉक्टर असते तर दवाखान्यांत रांगाच लागल्या नसत्या. ट्रायलला तो गाणी मोठ्याने लावतो, गिअरबॉक्सचं रडगाणं ऐकू येऊ नये म्हणून. आपण पायाखालचं मॅटिंग उचलावं. ताजा काळा रंग दिसला तर बोटाने दाबून बघावं. पत्रा पापडासारखा मोडला, तर नमस्कार करून निघावं. इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे ते तापल्याची पहिली खबर चालकाच्या बुडाला लागते. पडदे कोणत्या रंगाचे, यावर घरात चर्चासत्रं झडतात. आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीशी ताडून बघायला मात्र कोणी वाकत नाही. 15 वर्षं उलटलेली असतील तर फेरनोंदणीचा खर्च आधी विचारा. आणि ट्रायल सपाट रस्त्यावर नको, घाटात घ्या.