आधी फ्यूज बघा, मग ईसीएमला पोहोचवा

गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की गाडीच्या पोटातलं सगळं बाहेर येतं, अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. पडद्यावर ‘संपर्क नाही’ उमटलं की निदानही तयार असतं : ‘साहेब, ईसीएम गेलाय.’ ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. पुढचा आकडा ऐकून साहेबांचाच संपर्क तुटतो.

स्कॅनर ज्यात जोडतात, त्या स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात 16 पिना असतात. 16 नंबरवर बॅटरीचा पुरवठा, 4 आणि 5 वर अर्थिंग. अनेक गाड्यांत हा पुरवठा सिगारेट लायटरच्याच फ्यूजवरून येतो. त्या लायटरात कुणीतरी सिग्नलवर घेतलेला स्वस्त चार्जर खुपसलेला असतो. फ्यूज उडतो आणि आळ ईसीएमवर येतो. स्कॅनरचा टॅब मात्र स्वतःच्या बॅटरीवर ऐटीत उजळलेला!

फ्यूज शाबूत असेल तर मल्टिमीटर आहेच. बॅटरीची वायर सोडवून 6 आणि 14 या पिनांमध्ये मोजलं, तर बहुतेक गाड्यांच्या धडधाकट कॅन लाइनवर, म्हणजे गाडीतले संगणक जिच्यावरून बोलतात त्या तारांवर, साधारण 60 ओहम दिसतात. 120 दिसले, तर दोन टोकांच्या रेझिस्टरपैकी एकाशी जोडणी तुटलेली. काम दोन मिनिटांचं. म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. दोन मिनिटांचं बिल ते कितीसं लावणार?

कधी खोट स्कॅनरचीच. अनेक स्वस्त स्कॅनरांत दिसणारी ईएलएम 327 ही चिप मूळची कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या कित्येक नकला स्वतःची आवृत्ती छातीठोकपणे 1.5 सांगतात. ती आवृत्ती कंपनीने कधी काढलीच नाही. जन्मदाखलाच बनावट, आणि गाडीने मात्र खरं बोलायचं!

तेव्हा ईसीएमच्या खर्चाला मान डोलावण्याआधी मेकॅनिककडून तेवढा लायटरचा फ्यूज काढून बघून घ्या.