राक्षस तयार आहे, खानावळवाल्याचं नाव सांगा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवणाऱ्या माणसाला राक्षसाची भीती नसते. राक्षस पुस्तकात असतो. त्याची ताकद किती, कातडी किती जाड, तो किती वार झेलून मरणार, सगळं छापलेलं असतं. भीती असते ती खानावळवाल्याची. खेळाडूंनी डोंगरातल्या गुहेत शिरावं म्हणून मी आठवडाभर गुहा सजवते, आणि शनिवारी ही मंडळी पायथ्याच्या गावात खानावळीत जाऊन बसतात. वर मालकाला विचारतात, “आपलं नाव काय? मूळचे कुठले?” मराठी माणसं ती, मूळ गाव कळल्याशिवाय घास उतरत नाही. आता हा मालक मी मुळात निर्माणच केलेला नसतो. दोन सेकंदांत नाव सुचलं तर ठीक. जरा अडखळले की मालक संशयित ठरतो, आणि उरलेली संध्याकाळ गुहा सोडून त्याच्या तळघराची झडती चालते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि तलवार लागली की हुकली हे चार ते वीस बाजूंचे फासे ठरवतात. गोष्ट सांगणाऱ्याला डीएम म्हणतात. आमच्यात ती मी. फाशांनी कुणाचं भलं झालेलं नाही आणि व्यासांनी ते सविस्तर लिहून ठेवलंय, असं सासूबाईंचं मत आहे. शनिवारी रात्री मात्र त्या दाराशी खुर्ची ओढून बसतात.

तर मला हवी असते त्या दोन सेकंदांची मदत. ती शोधणारी मी पहिली नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला तेव्हा दहा डॉलरला एक खोकं मिळायचं, आत तीन पुस्तिका. पहिल्या खेपेला हजार प्रती. त्या वाचून खेळ खेळता यावा अशी सोय मात्र कुणी केलेली नव्हती. लढाईसाठी आधीचा ‘चेनमेल’ हा युद्धखेळ तुमच्याकडे असणार असं गृहीत होतं, आणि रानावनातल्या प्रवासासाठी भलत्याच कंपनीचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ आणून त्याचा नकाशा वापरायचा होता. आमच्या गटातल्या सीएला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पैसे परत मागितले नाहीत कुणी?”

नाही मागितले. लोकांनी एकमेकांना पत्रं लिहायला घेतली. लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथावेड्यांचं एक हौशी साप्ताहिक होतं. त्यात या खेळाच्या चर्चेने बाकी काही छापायला जागा उरेना. शेवटी जून १९७५ मध्ये ली गोल्ड नावाच्या बाईंनी या मंडळींसाठी वेगळा संसार मांडला: ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’. पद्धत थेट भिशीची. प्रत्येकाने आपली पानं आणि वर्गणी पाठवायची, बाईंनी सगळ्यांची पानं एकत्र टाचायची आणि गठ्ठा प्रत्येकाला धाडायचा. तो वाचून पुढच्या महिन्याच्या पानांत उत्तरं द्यायची. म्हणजे ‘तुमच्या जादूगाराने चिलखत का घालावं?’ या प्रश्नावर चिडायला एक महिना, उत्तर यायला दुसरा. घाईघाईत कुणाचा अपमान होण्याची शक्यताच नाही; जो होई तो सावकाश, विचारपूर्वक. बाईंनी हे एप्रिल २०२५ पर्यंत, जवळपास पन्नास वर्षं चालवलं. आमच्या सोसायटीचं वार्तापत्र तिसऱ्या अंकात आटोपलं होतं.

खुद्द गायगॅक्सना पुढे असल्या हौशी पत्रिकांचा उबग आला आणि त्यांनी १९७८ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात त्यांना चांगलंच हिणवलं. पण याच गठ्ठ्यात लिहिणाऱ्यांपैकी एक जोनाथन ट्वीट. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या रचनाकारांत त्यांचं नाव आहे. सायक्लोस्टाइलच्या शाईचं असंच असतं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर मंडळींचं ‘शब्द’ हे लघुनियतकालिकसुद्धा १९५०च्या दशकात सायक्लोस्टाइलवरच निघायचं, आणि तेव्हाच्या प्रतिष्ठितांना तेही फारसं रुचलं नसणार.

आता शाई गेली, पीडीएफ आली, आणि दुष्काळाच्या जागी पूर. लोकवर्गणी जमवणाऱ्या ‘किकस्टार्टर’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘झीन क्वेस्ट’ ही मोहीम सुरू केल्यापासून शेकोटीभोवतीच्या भुतांपासून अंतराळातल्या रखवालदारांपर्यंत सगळ्यांवर झीन, म्हणजे हौशी छोट्या पुस्तिका, निघाल्या आहेत. ‘इच डॉट आयओ’ या संकेतस्थळावर २०२० मध्ये वंशभेदाविरुद्धच्या लढ्याला मदत म्हणून एक संच निघाला, किमान पाच डॉलर द्या आणि सतराशेहून जास्त खेळ, पुस्तिका न्या. आमच्या गटात तो सगळ्यांकडे आहे. उघडलेला कुणाकडेच नाही. डाउनलोड करणं हा वेगळा आणि जास्त सुखाचा छंद आहे. त्यात कुणी खानावळीत शिरत नाही.

त्यातून चांगलं ओळखायचं कसं? माझी चाळणी सरळ आहे. पहिल्या पानावर राज्याचा हजार वर्षांचा इतिहास असेल तर मी ते मिटते. खेळाडू इतिहास विचारत नाहीत, तळघरात काय आहे ते विचारतात. ज्याला तळघराची यादी द्यावीशी वाटली त्याने तो खेळ टेबलावर खेळवलेला असतो आणि मार खाल्लेला असतो. या खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम अशाच अनुभवातून आलेला असणार: खेळाडूंनी काही ओळखावं असं वाटत असेल तर किमान तीन खुणा ठेवा, एक त्यांना दिसणार नाही, दुसरीकडे ते लक्ष देणार नाहीत, तिसरीचा उलटा अर्थ लावतील. हा नियम पालकसभेत वाचून दाखवावा इतका खरा आहे.

आणि लहान ते गुणी. ग्रँट हाउइट यांचा ‘हनी हाइस्ट’ हा खेळ एका पानात मावतो. तुम्ही अस्वल आहात आणि मध चोरायचा आहे, संपले नियम. गुण दोनच, अस्वलपणा आणि गुन्हेगारी. डोक्यावरची टोपीही फासा टाकून ठरते, आणि आठ पडला तर पुन्हा दोनदा टाकून दोन्ही टोप्या घालायच्या. आमच्या निवृत्त बँकवाल्या काकांना दोन टोप्या मिळाल्या आणि त्या रात्री ते अस्वल जे फुललं, तसे काका चाळीस वर्षं काउंटरवर कुणी पाहिले नसतील.

परदेशातून झीन मागवणं परवडत नाही. पुस्तिकेपेक्षा टपालखर्च जड. म्हणून पीडीएफ घेते आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापते. त्याच्याकडे दहावीचे प्रश्नसंच आणि करारनामे येतात, मधेच माझी भुयारं. परवा एका नकाशाच्या प्रती काढता काढता तो थांबला.

“मॅडम, ही बिल्डिंग कुठली?”

“बिल्डिंग नाही, तळघर आहे. भुतं राहतात.”

“किती?”

“चाळीसेक गॉब्लिन.”

त्याने कागद उजेडात धरला. “चाळीस जण, आणि संडास एकपण नाही?”

नकाशाला बक्षीस मिळालेलं होतं, पण माणसाचं चुकत नव्हतं. मी तिथेच त्याचं पेन मागून घेतलं आणि पूर्वेच्या भिंतीला एक संडास काढला. शनिवारी मंडळी आश्चर्य म्हणजे खानावळ टाळून थेट गुहेत उतरली, खजिन्याचं दार ओलांडून पुढे गेली आणि संडासाशी अडली. इतक्या नीटनेटक्या ठिकाणी सापळा असणारच, यावर एकमत झालं. सीएने दाराची तपासणी मागितली, गटातल्या दंतवैद्य बाईंनी दहा फुटी काठी काढून आत घातली, काकांनी बाहेर उभं राहून “कोण आहे आत?” असं तीनदा विचारलं, आणि दाराशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, असेल कुणीतरी. जरा थांबायला सांग त्यांना.”