लखनौदर्शन, अर्ध्या दिवसाचे

लखनौ पाहायला अर्धा दिवस पुरतो, असा महाराष्ट्रातून सहली काढणाऱ्यांचा सिद्धांत आहे. काशी, प्रयाग आणि अयोध्या येथे पुण्य मिळते. लखनौला ते मिळत नाही. परतीची गाडी किंवा विमान मात्र मिळते. अयोध्येहून सुमारे १३५ किलोमीटरचा रस्ता कापून लखनौत पोचल्यापासून गाडी सुटेपर्यंत जो वेळ शिल्लक राहतो, त्याला कार्यक्रमपत्रिकेत ‘लखनौदर्शन’ म्हणतात. त्याचे दोन भाग पडतात: वास्तू आणि बाजार. नाश्त्याला झालेला उशीर, एखाद्या काकांचा हरवलेला चष्मा आणि दुपारचे जेवण ही सगळी वजाबाकी वास्तूंच्या वाट्यातून होते. बाजाराच्या वाट्याला सहसा कोणी हात लावत नाही.

मराठी प्रवाशाची नजर सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर तयार झालेली असते. गडावर प्रत्येक दगडाला नेमून दिलेले काम असते. बुरूज माऱ्यासाठी, जंग्या बंदुकीसाठी, टाके पाण्यासाठी, चोरदरवाजा पळून जाण्यासाठी. ‘हे कशासाठी?’ असे विचारले की एका वाक्यात उत्तर मिळते आणि मंडळी पुढच्या बुरुजाकडे वळतात. हाच प्रश्न लखनौत विचारला तर गाइड प्रथम किंचित दुखावतो आणि मग एक गोष्ट सांगतो. लखनौमध्ये पाहण्यासारखे जे काही आहे, त्यातल्या बहुतेकाला ठोस उपयोग नाही, आणि ते तसे आहे म्हणूनच ते पाहण्यासारखे आहे, हे पचायला अर्धा दिवस कमी पडतो.

अवधच्या नवाबांची राजधानी १७७५ मध्ये फैजाबादहून लखनौला आली. ती आणणारा नवाब आसफुद्दौला. गाइड त्याच्या वडिलांचे, म्हणजे सुजाउद्दौलाचे, नाव घेतो तेव्हा प्रवाशांच्या घोळक्यात चुळबुळ होते. सुजाउद्दौला पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा होता, हे मराठी माणूस शाळेपासून विसरलेला नसतो. विश्वासरावांच्या देहावर रीतसर अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून त्याच सुजाउद्दौलाने मध्यस्थी केली होती, याची कोणी आठवण करून दिली तर वातावरण थोडे निवळते. तरी गाइडकडे पाहण्याची नजर पुढचा अर्धा तास जरा कडकच राहते. १७६१ च्या हिशेबातली काही बाकी त्याच्याकडूनही येणे आहे, असा एकूण भाव असतो.

दर्शनाचा मुख्य भाग म्हणजे बडा इमामबाडा. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून आसफुद्दौलाने तो बांधायला काढला. मजूर दिवसा भिंत उभी करत आणि रात्री शहरातली खानदानी मंडळी येऊन ती पाडत, अशी आख्यायिका आहे. उपाशी तर तीही होती, पण दिवसाउजेडी घमेले उचलताना कोणी पाहिले असते तर अब्रू गेली असती. प्रवाशांतल्या कोणा निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याला ही योजना ऐकताक्षणी समजते. ज्याने रोजगार हमीच्या कामांची हजेरीपत्रके तपासली आहेत, त्याला रात्री पाडलेल्या भिंतीचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते इतके होऊनही इमारत पूर्ण झाली याचे.

इमारत अर्थातच अफाट आहे. मधले दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच असून, एवढे छत पेलायला आत ना एक खांब आहे ना एक तुळई. सारा भार लाखौरी विटांच्या आणि चुन्याच्या कमानदार छतावर आहे. वास्तुकार किफायतुल्ला आणि नवाब असे दोघेही इथेच दफन आहेत. बांधणारा आणि बांधवून घेणारा शेजारी शेजारी झोपलेत, आणि छत अजून पडलेले नाही. बांधकाम खात्याशी आयुष्यात कधी संबंध आलेला प्रवासी इथे काही क्षण गप्प उभा राहतो.

दालनाच्या एका टोकाच्या सज्जात गाइड आगकाडी ओढतो किंवा कागद फाडतो, आणि तो आवाज दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो. प्रयोग चोख आहे. अडचण इतकीच की दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मंडळींना तो ऐकायला आधी स्वतः गप्प बसावे लागते. ‘आला का गं?’ ‘काय आलं?’ ‘आवाज!’ या संवादामागे पहिल्या दोन-तीन काड्या वाया जातात. असा आवाज दुसरीकडे पोचण्याचा नवाबाला काय उपयोग होता, हे कोणी विचारलेच तर शत्रूची चाहूल लागावी म्हणून, असे गाइड सांगतो. इमामबाड्यात, म्हणजे मोहरममध्ये शोक करण्याच्या जागेत, शत्रू आगकाडी ओढत का येईल, हा पुढचा प्रश्न सभ्यतेमुळे विचारला जात नाही.

दालनाच्या वरच्या भागात भूलभुलैया आहे. गाइड मंडळी ४८९ एकसारख्या दरवाजांचा आकडा सांगतात. वाटा आत जायला १०२४ आणि बाहेर पडायला दोनच, हे त्यांचे आणखी एक पाठांतर. भूलभुलैयाचे खरे कारण बांधकामाचे आहे: खांबांवाचून पेललेल्या छताभोवती भरीव भिंती रचल्या तर त्यांच्याच वजनाने सगळे खाली आले असते, म्हणून भिंती आतून पोकळ ठेवून त्यांत बोळ काढले. हे ऐकून ‘हे कशासाठी?’ विचारणाऱ्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर अर्ध्या दिवसात प्रथमच समाधान दिसते. गाइडला मात्र हे उत्तर अजिबात आवडत नाही. त्याच्या मते इथे नवाब बेगमांबरोबर लपंडाव खेळत असे, आणि बक्षिसीच्या दृष्टीने पाहता त्याचे मत बरोबर आहे.

भूलभुलैयात गाइडशिवाय जोडप्यांना सोडत नाहीत. गटांनीही तसे जाऊ नये. प्रत्येक गटात एक तरी गृहस्थ असा असतो ज्याला दिशा कळतात. ‘आपण डावीकडून आलो, म्हणजे आता उजवीकडे’ असे म्हणून तो चार जणांना घेऊन निघतो. पंधरा मिनिटांनी ते पाचही जण गच्चीवर पोचतात. गच्चीवर जायचेच होते, असे तो सांगतो. गच्चीवरून गोमतीच्या बाजूचे शहर छान दिसते, हे खरे आहे, आणि वरच्या वाऱ्यात मंडळी त्याला माफ करतात. आवारातल्या शाही बावडीच्या पाण्यात वेशीवरून येणाऱ्याचे प्रतिबिंब पडते. ते पाहून आतला पहारेकरी सावध होत असे, असे सांगतात. प्रवासी पाण्याकडे पाहतात. त्यांना बहुधा स्वतःच्याच गटप्रमुखाचे प्रतिबिंब दिसते, हातात घड्याळ धरून उभे असलेले.

शेजारचा रूमी दरवाजा सुमारे ६० फूट उंच आहे. तोही १७८४ च्या दुष्काळी कामातलाच. कमान देखणी आहे. पण त्याच्या दोन्ही बाजूंना कोणालाही अडवील असा तट आज नाही, म्हणजे शत्रू आला असता तर दरवाजाला वळसा घालून गेला असता. किल्लेप्रेमी प्रवाशाला हे मनापासून खटकते. थोड्या अंतरावर हुसैनाबादचा घड्याळ-मनोरा आहे, सुमारे ६७ मीटर उंच. सर जॉर्ज कूपर या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वागतार्थ तो १८८१ मध्ये उभारला. त्याचे घड्याळ १९८४ मध्ये बंद पडले आणि पाव शतकाहून जास्त काळ बंदच राहिले. त्या काळात लखनौकरांच्या दिनक्रमात काही फरक पडल्याचे दिसले नाही.

या परिसरातली सर्वांत शिकण्यासारखी इमारत म्हणजे सातखंडा. मुहम्मद अली शाह या बादशहाने चंद्रदर्शनासाठी हा सात मजली मनोरा बांधायला घेतला. चार मजले झाले आणि १८४२ मध्ये बादशहा वारला. पुढे कोणी पाचवा चढवला नाही आणि नावातले सात कोणी कमी केले नाहीत. महाराष्ट्रात अशी अर्धवट इमारत दिसली की ठेकेदाराचे नाव आपोआप ओठांवर येते. इथे तिचे तिकीटवाल्या स्थळांच्या रांगेत सन्मानाने दर्शन घडते. त्याच बादशहाचा छोटा इमामबाडा १८३८ चा. आत झुंबरेच झुंबरे आहेत आणि आवारात ताजमहालासारखी दिसणारी एक कबर आहे. ज्यांची आग्र्याची सहल हुकली ते तिच्यापुढे फोटो काढून घेतात आणि घरी गेल्यावर कुठला ताज ते सांगत नाहीत. जवळच्या चित्रदालनात नवाबांची पूर्णाकृती तैलचित्रे आहेत. आपण डावीकडून उजवीकडे गेलो की चित्रातले जोडेही आपल्याकडे वळतात, असे दाखवले जाते, आणि ते खरेच वळल्यासारखे दिसतात. नवाब वळत नाही, जोडेच वळतात. पन्नाशी-साठीची मंडळी चित्रापुढे एका रांगेत डावी-उजवीकडे सरकत असतात, तेव्हा पाहण्याजोगे चित्र भिंतीवरचे नसते.

रेसिडेन्सीत पोचल्यावर मराठी प्रवाशाला हायसे वाटते. इथे लढाई झाली होती. १८५७ च्या जूनअखेर वेढा पडला, नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी जागा रिकामी केली. चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स सुरुवातीच्या दिवसांतच तोफगोळ्याने जखमी होऊन मरण पावला. भिंतींत गोळ्यांची भोके आजही आहेत. वेढ्याची आठवण म्हणून इथला युनियन जॅक इंग्रज रात्रीही खाली उतरवत नसत. तो १९४७ मध्ये एकदाचा उतरला. इथे गाइडची गरज लागत नाही. तोफ कोणत्या कोनातून लागली असावी, शिबंदी कुठे असावी, पाणी कुठून आणले असेल, यावर मंडळी स्वतःच परस्परविरोधी मते देतात, आणि सर्वांना खूप आनंद होतो.

ला मार्टिनियर ही शाळा दूर असल्याने बहुधा बसमधूनच दाखवतात, आणि तो अन्यायच आहे. क्लॉड मार्टिन हा फ्रेंच माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मेजर जनरल झाला, नवाबांना तोफांपासून फुग्यांपर्यंत सर्व काही पुरवून श्रीमंत झाला, आणि १८०० मध्ये वारल्यावर स्वतःच्या घराच्या तळघरात पुरला गेला. कबर असलेले घर नवाब बळकावणार नाही, असा त्याचा हिशेब होता, असे म्हणतात. त्याच घराची ही शाळा झाली आणि ती आजही भरते. लखनौतली ही बहुधा एकमेव कबर आहे जिचा उपयोग झाला.

कैसरबागेतून बस जाते तेव्हा डावीकडे-उजवीकडे न पाहता मराठी मंडळी पुढे जातात, त्याचे मात्र वाईट वाटते. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले. आज ते त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. ज्या परीखान्यात वाजिद अली शाह या नवाबाने नृत्यगायनाचे ताफे तयार केले, त्याच वास्तूत आता क्रमिक पुस्तकांतून राग शिकवतात. उत्तरेतल्या उस्तादांना ‘हा सूर इथे का?’ असे चिकाटीने विचारत फिरणारा आणि मिळालेली उत्तरे दहा थाटांत लावून ठेवणारा गृहस्थ मराठी असावा, यात नवल नाही. उस्ताद चिडत, गप्प बसत, चिजा लपवत. भातखंडे पुन्हा विचारत. ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न लखनौत यशस्वी झाल्याचे हे एक उदाहरण.

आता बाजार. चौक या भागातला चिकनकामाचा बाजार हा लखनौदर्शनाचा खरा गाभारा आहे. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने केलेले काम, म्हणजे दिसू नये याची पुरेपूर काळजी घेऊन केलेली नक्षी. आधी कापडावर लाकडी ठशांनी धुऊन जाणाऱ्या निळीचा छापा मारतात, मग घरोघरच्या बायका टेपची, मुर्री, फंदा, जाली असे टाके घालतात, आणि शेवटी धुलाईत नीळ निघून जाते. बखिया तर कापडाच्या उलट बाजूने भरतात. सुलट बाजूला त्याची नुसती सावली दिसते. २००८ मध्ये चिकनकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्राचे की हाताचे हे पाहायला प्रवासी बायका कापड उलटे करतात, आणि दुकानदार त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो. उलटी बाजू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचे हे त्याला कधीचेच माहीत असते.

घासाघीस हा इथला अवघड भाग. महाराष्ट्रात दुकानदार भाव सांगतो, गिऱ्हाईक निम्मा सांगते, दोघे थोडे रागावतात आणि व्यवहार होतो. लखनौत दुकानदार रागवायला तयारच नसतो. ‘भैया, थोडा कम करो ना’ म्हटले की तो हात जोडतो: ‘आप तो घर के हैं, जो मुनासिब समझें, दे दीजिए।’ या वाक्यापुढे पुण्याची भलीभली हरतात. निम्मा भाव मनात तयार असतो, पण घरच्या माणसाने तो सांगायचा कसा? शेवटी प्रवासी स्वतःच्याच तोंडाने बऱ्यापैकी रक्कम सांगतो, दुकानदार ती कपाळाला लावून घेतो, आणि दुकानाबाहेर पडल्यावर नवरा-बायकोत कोण जास्त बोलले यावर वाद होतो. अमीनाबादच्या गडबडझाला नावाच्या बाजारात बांगड्या आणि शृंगाराच्या वस्तू मिळतात. तिथे नावाप्रमाणेच कारभार असतो, आणि गटातली निम्मी माणसे इथेच हरवतात. भूलभुलैयात कोणी हरवत नाही.

खाण्याच्या बाबतीत गट दुभंगतो. एक भाग १९०५ पासून चालत आलेल्या टुंडे कबाबीच्या चौकातल्या दुकानाकडे शांतपणे सरकतो. दुसरा हजरतगंजमध्ये बटाट्याच्या टोपलीत भरलेला टोकरी चाट खातो आणि पहिला भाग कुठे गेला हे विचारत नाही. हिवाळ्यात पहाटे चौकात मक्खन मलाई मिळते. उकळून गार केलेले दूध रात्रभर दवात ठेवायचे, पहाटे घुसळायचे, वर येणारा फेस तेवढा उचलायचा, त्यात केशर-साखर घालायची आणि द्रोणात द्यायचा. जिभेवर ठेवला की तो नाहीसा होतो. ‘हवाच आहे की ही!’ असे एक काका म्हणतात आणि आणखी एक द्रोण घेतात. ऊन चढले की ती मिळत नाही, बांधून तर मुळीच देत नाहीत. त्यामुळे घरच्यांसाठी रेवडी घेतात.

रेवडी चारबाग स्थानकाबाहेरच मिळते. स्थानकाची पायाभरणी १९१४ ची, घुमट आणि छत्र्यांचे काम आहे, आणि वरून पाहिले तर पटावर सोंगट्या मांडल्यासारखे दिसते, असे सांगतात. वरून पाहायची सोय नाही. आणखी एक सांगतात: आतल्या गाडीचा आवाज स्थानकाच्या दर्शनी भागात अजिबात ऐकू येत नाही. हे मात्र पडताळता येते. गट सामान घेऊन आत जातो आणि ‘हे कशासाठी?’वाले काका बाहेर कान देऊन उभे राहतात. ई-रिक्षांचे भोंगे, हमालांच्या हाका आणि रेवडीवाल्याचा आग्रह यांत त्यांना गाडीचा आवाज खरोखरच ऐकू येत नाही, सुटल्याचाही.